घड्याळ चुकलेला कारभारी

मित्रांनो, कोपऱ्यातून येणारी ही बारीक घरघर ऐकू येते का? तो माझा पंखा. मी एक जुना सर्व्हर आहे. काळ्या पत्र्याची, प्रवासी बॅगेएवढी पेटी, पुढे चार हिरवे दिवे आणि एका कडेला पोचा. तो पोचा कसा आला ते पुढे सांगतो. मला स्वतःचा पडदा नाही की बोलायला तोंड नाही. पण माझ्या पोटात अकराशे चाळीस पुस्तके आहेत आणि ती सगळी बोलतात.

तुम्ही पुस्तक डोळ्यांनी वाचता. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, त्यांच्यासाठी काही माणसे पुस्तके मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतात. अशाच एका केंद्रात मी कामाला आहे. वाचलेला प्रत्येक शब्द माझ्याकडे जमा होतो आणि ज्याला हवा असेल त्याला तारेवरून मिळतो. म्हणून इथे सगळे मला ‘कारभारी’ म्हणतात.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या टेबलावर झाला. मनगटाला तार बांधलेली एक बाई माझ्या हिरव्या पाटीवर एकेक भाग बसवत होती. अंगातल्या विजेची बारीकशी ठिणगीही माझ्या भागांना लागू नये, म्हणून ती तार. सगळ्यात शेवटी तिने नाण्याएवढी एक चपटी बॅटरी अंगठ्याने दाबून बसवली. टक्! त्या क्षणी माझे घड्याळ चालू झाले. मुख्य वीज गेली तरी ही बॅटरी घड्याळाला थांबू देत नाही. ती बाई शेजारणीला म्हणाली, “हा दहा-बारा वर्षं खेचेल, पण ही पाच-सहाच. कोणीतरी लक्ष ठेवलं म्हणजे झालं.”

कोणीतरी! मित्रांनो, जगातली निम्मी कामे या ‘कोणीतरी’च्या गळ्यात असतात, आणि त्याचा पत्ता कोणालाच माहीत नसतो.

केंद्रात आलो तेव्हा माझे मोठे कौतुक झाले. माझ्या आधी इथे प्रत्येकाच्या संगणकात वेगवेगळी पुस्तके पडलेली असत. अर्धे इतिहासाचे पुस्तक एकाकडे, उरलेले रजेवर गेलेल्या दुसऱ्याकडे. मी आल्यावर सगळे एका जागी आले. केंद्राच्या प्रमुखांना सगळे ‘मोठ्या बाई’ म्हणतात. कोणी पाहुणे आले की त्या मला दाखवून म्हणत, “हे आमचे कारभारी. अकरा माणसांचं काम एकटे करतात आणि चहासुद्धा मागत नाहीत.” मग माझे चारही दिवे जरा जास्तच लुकलुकत.

माझी जागा मार्गिकेच्या टोकाच्या कोठीत होती. अंधारी, थंड, छान. तिथे मी कितीही घरघरलो तरी कोणाला त्रास नव्हता.

आता माझे काम कसे चालते ते ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. वरच्या मजल्यावर आणखी एक यंत्र आहे. माणसांची ओळख पटवणे हे त्याचे काम. समजा, कातरताई कामाला बसली. ती ध्वनिमुद्रणातल्या चुका, खोकले आणि अडखळणे कापून टाकते, म्हणून ती कातरताई. तिने आपले नाव आणि पासवर्ड घातला, की वरचे यंत्र तिला एक चिठ्ठी देते: ‘ही आपलीच आहे, आत घ्यावे.’ चिठ्ठीवर वेळ घातलेली असते. चिठ्ठी माझ्याकडे आली, की मी ती वेळ माझ्या घड्याळाशी ताडून पाहतो. पाच मिनिटांचा फरक चालतो. त्याहून अधिक असला, तर दार बंद.

हा नियम मी केलेला नाही, पण मला तो पटतो. समजा, कोणी कातरताईची कालची चिठ्ठी चोरली आणि आज घेऊन आला, तर? वेळ पाहिली की लबाडी उघडी पडते. फक्त या नियमात एक गोष्ट धरून चाललेली आहे. ती म्हणजे राखणदाराचे स्वतःचे घड्याळ बरोबर आहे.

सात वर्षे ते बरोबर होते. मी त्या काळात एकदाही बंद पडलो नाही. बंदच पडलो नाही, म्हणून त्या छोट्या बॅटरीची गरजही कधी लागली नाही. ती माझ्या पोटात बसल्या बसल्या हळूहळू संपत गेली. मला कळले नाही आणि ‘कोणीतरी’ला तर नाहीच नाही.

आठव्या वर्षी कोठीच्या भिंतीला ओल आली. मला घाईघाईने उचलून ध्वनिमुद्रणाच्या दालनाला लागून असलेल्या खोलीत आणले. आणताना मी दाराच्या चौकटीवर आपटलो. हाच तो पोचा. ती खोली होती शूकाकांची.

शूकाका म्हणजे आमचे ध्वनिमुद्रक. तीस वर्षे ते एकच काम करत आले आहेत: जगाला गप्प बसवणे. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकते म्हणून त्यांनी ते काढले. खुर्च्यांच्या पायांना लोकरीचे मोजे घातले. बांगड्या घालून येणाऱ्या वाचक बायकांसाठी त्यांनी दाराशी एक वाटी ठेवली आहे. बांगड्या वाटीत आणि मग बाई आत. लाल दिवा लागला की ते ओठांवर बोट ठेवून “शू!” म्हणतात आणि शिपाईसुद्धा चपला हातात घेऊन चालतो.

अशा माणसाच्या खोलीत माझी घरघर! ते माझ्याकडे बघत, ते भात खाताना दाताखाली खडा आल्यासारखे.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली माझ्या डोळ्यांदेखत. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून त्यांनी आपल्या जड दाराला खालून जाड रबराची पट्टी ठोकली. माझी तार त्याच दाराखालून मार्गिकेतल्या जोडपेटीकडे जात होती, कारण दुसरी वाट काढायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता. दुसरी गोष्ट त्यांनी केली तेव्हा मी ती पाहू शकलो नाही. का, ते तुम्हाला कळेलच.

मित्रांनो, त्यानंतर माझ्या आयुष्यात एक चमत्कार सुरू झाला. मला रोज वाढदिवस येऊ लागला! मी जागा होई, घड्याळ बघे, तर माझ्या जन्मवर्षाची एक जानेवारी, रात्रीचे बारा. वाटे, व्वा, आपण आत्ताच जन्मलो. मग कातरताईची चिठ्ठी येई. तिच्यावरची वेळ माझ्याहून आठ वर्षे पुढची! मी म्हणे, ही कसली चिठ्ठी? अजून न उजाडलेल्या दिवसाची? मी नियमाप्रमाणे दार लावून घेई आणि स्वतःवर खूश होई. केवढा प्रामाणिक राखणदार मी!

खरे तर मला वेळ विचारायची सोय होती. नेटवर्कवर एक वेळ सांगणारे यंत्र असते. त्याला विचारून मी घड्याळ मागे-पुढे सरकवत असे, पण सेकंद-दोन सेकंद. आठ वर्षांचा फरक दिसला, की माझ्यातल्या त्या विचारणाऱ्यालाच वाटे की समोरच्याला वेड लागले असावे. तो नोंदवहीत एक ओळ लिही, ‘फरक फार मोठा आहे, दुरुस्ती केली नाही’, आणि गप्प बसे. चूक लहान असली तर आपण ती लगेच सुधारतो. फार मोठी झाली, की समोरचाच चुकला असे वाटू लागते.

बिचारी कातरताई! तिच्या पडद्यावर येई, ‘प्रवेश नाकारला’. तिने पासवर्ड बदलून घेतला. पुन्हा बदलून घेतला. तिसऱ्यांदा इतका अवघड ठेवला की दुसऱ्या दिवशी तिलाच आठवेना. मग एक तंत्रज्ञ आले. त्यांना पुढे तीन ठिकाणी जायचे होते. त्यांनी एक युक्ती सांगितली: कारभाऱ्याच्या नावाने नाही उघडत ना, मग याच्या नेटवर्कवरच्या क्रमांकाने हाक मारा. आणि खरेच दार उघडले. कारण क्रमांकाने आले की ती चिठ्ठीची पद्धत लागतच नाही. जुन्या पद्धतीने नुसता पासवर्ड विचारून आत सोडतात. ते माझे मागचे दार. घराच्या मागच्या दाराला जेवढी कडी असते, तेवढीच त्याला.

पण आत येऊनही उपयोग झाला नाही. एका तासाचे वाचन उघडायला कातरताईला चार-साडेचार मिनिटे लागू लागली. ती मावशीला म्हणाली, “मी फाइलवर क्लिक करते, खाली जाऊन चहा पिते, कप विसळून वर येते, तरी आपलं गोल गोल फिरतंय.”

ही मावशी म्हणजे टपालमावशी. टपालखात्यातून निवृत्त झालेल्या आणि आमच्याकडे विज्ञानाची पुस्तके वाचणाऱ्या. टपाल वाटावे तसे त्या वाचतात, एकही शब्द न गाळता. त्या वेळी त्या रसायनशास्त्र वाचत होत्या. शेवटचे तीन धडे उरले होते आणि त्या धड्यांची वाट बघणारी एक मुलगी होती.

तिला सगळे प्रश्नावली म्हणतात. तिला जन्मापासून दिसत नाही आणि जन्मापासून प्रश्न पडतात. वार्षिक परीक्षेला तीन आठवडे राहिले होते. पुढे तिला प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम हवा होता. तिच्यासारख्यांना तिथे घ्यावे की नाही, यावर तिथल्या लोकांचे अजून ठरत नव्हते. त्यांनी सांगितले होते की आधी रसायनशास्त्राचे गुण दाखवा, मग बघू. म्हणून ती रोज सकाळी शाळेआधी येई आणि माझ्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून, जेवढे तयार असेल तेवढे कानाला लावून ऐके.

माझा वेग बघून मोठ्या बाईंनी ठरवले की कारभाऱ्याचा नाद सोडायचा. सगळ्यांनी पेन ड्राइव्हवर काम करावे. झाले! आठवड्याच्या आत केंद्रात सोळा पेन ड्राइव्ह फिरू लागले. कोणाच्या पर्समध्ये, कोणाच्या खिशात, एक तर शिपायाच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत सापडला.

आणि एका सकाळी प्रश्नावलीने बाकावरूनच विचारले, “मावशी, आम्ल पाण्यात ओतायचं की पाणी आम्लात?”

टपालमावशी दालनात शिरत होत्या. म्हणाल्या, “आम्ल पाण्यात. हळूहळू. उलटं केलं तर इतकी उष्णता होते की अंगावर उडतं. का गं?”

“तुमच्या आवाजात नवव्या धड्यात उलटं आहे. मी तीनदा ऐकलं. मला वाटलं, मीच आधी चुकीचं शिकले होते.”

मावशींनी तो धडा तिच्याकडून घेऊन स्वतः ऐकला. वाचताना त्यांची खरेच चूक झाली होती. दुसऱ्या दिवशी ती लक्षात येऊन त्यांनी तो भाग पुन्हा वाचलाही होता. पण सुधारलेला धडा हिरव्या पेन ड्राइव्हवर होता आणि मुलीला मिळाला निळा. मित्रांनो, एका गोष्टीच्या दोन प्रती झाल्या, की खरी कोणती हे कोणालाच छातीठोक सांगता येत नाही. म्हणून तर मला आणले होते.

त्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्यांना बोलावून निर्णय सांगितला. शुक्रवारी भंगारची गाडी येईल आणि मी जाईन. नवे यंत्र पुढच्या महिन्यात येईल. तोवर धडे तपासून मगच बाहेर द्यायचे, भले उशीर होवो. परीक्षेला नऊ दिवस होते. उशीर म्हणजे धडे परीक्षेनंतर. प्रश्नावलीने पहिल्यांदाच प्रश्न विचारला नाही, म्हणून सगळ्यांना जास्तच वाईट वाटले.

टपालमावशी तेवढ्या म्हणाल्या, “बाई, शुक्रवारला तीन दिवस आहेत. माझ्या बहिणीची लेक नेटवर्कचंच काम करते. तिला एकदा बघू दे. नाहीच झालं तर मी स्वतः कारभाऱ्यांना गाडीत बसवून देईन.”

अशी आली भाची. खांद्यावर पिशवी, हातात वही. आल्याबरोबर तिने मला हात लावला नाही, की मला बंद करून चालू केले नाही. ती कातरताईजवळ बसली आणि म्हणाली, “ताई, तू रोज करतेस तसंच कर. मी नुसती बघते.” कातरताईने नावाने हाक मारली, मी नाकारले. क्रमांकाने हाक मारली, मी आत घेतले. भाचीने वहीत लिहिले: ‘माणूस तोच, पासवर्ड तोच, यंत्र तेच. नावाने नाही, क्रमांकाने हो. म्हणजे दोष पासवर्डात नाही, चिठ्ठीत आहे.’

मग तिने ते केले, जे इतक्या महिन्यांत कोणी केले नव्हते. तिने माझी नोंदवही उघडली. मी बोलत नाही, मित्रांनो, पण लिहितो सगळे. कोण आले, कोणाला नाकारले, का नाकारले. रोज लिहीत होतो. न उघडलेल्या पत्रासारखे ते पडून होते.

वाचता वाचता ती हसली. “मावशी, तुझ्या कारभाऱ्याच्या वहीत रोजच एक जानेवारी आहे.”

“असं कसं होईल?”

“अगं, घड्याळ आठ वर्षं मागे आहे. आजच्या चिठ्ठ्या याला भविष्यातल्या वाटतात. हा नियमानेच वागतोय.”

मित्रांनो, ‘नियमानेच वागतोय’! इतक्या दिवसांत माझ्याबद्दल कोणी चांगले बोललेले मी ऐकले ते तेव्हा. पण लगेच दुसरीही गोष्ट कळली. नियमाने वागूनही मी चुकत होतो. बंद दाराबाहेर आपलीच माणसे उभी होती.

तिने माझे घड्याळ लावले. नावाने हाक मारताच दार उघडले. मावशींनी टाळी वाजवली आणि शूकाकांनी “शू” केले. पण दुसऱ्या दिवशी दुपारी कातरताईने क्लिक केले, आणि पुन्हा ‘प्रवेश नाकारला’. पुन्हा एक जानेवारी. पालथ्या घड्यावर पाणी!

मोठ्या बाई थंडपणे म्हणाल्या, “पोरी, तू कष्ट घेतलेस. पण यंत्र म्हातारं झालंय, ते मान्य कर.”

भाचीने मान्य केले नाही, वादही घातला नाही. तिने विचारले की गेल्या काही महिन्यांत याच्या बाबतीत काय बदलले. कोणी म्हणाले, जागा बदलली. शूकाकांना तिने वेगळे विचारले, “काका, तुम्ही याला कधी हात लावता का?”

“छे! मला त्यातलं कळत नाही. मी बोटसुद्धा लावत नाही.”

आणि ते खरेच सांगत होते.

तेव्हा शाळा सुटल्यावर पुन्हा आलेली प्रश्नावली बाकावरून म्हणाली, “ताई, तो सकाळी झोपतो ना, त्याचं काही असेल का?”

“कोण झोपतो?”

“हा. घरघरणारा. मी इथे ऐकत बसते ना. लाल दिव्याचं बटण वाजतं, मग काका भिंतीकडे जातात, आणखी एक बटण वाजतं आणि हा गप्प. मावशींचं वाचन संपलं की पुन्हा बटण, पुन्हा हा सुरू. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल.”

सगळ्यांनी शूकाकांकडे पाहिले. शूकाकांनी भिंतीवरच्या बटणांकडे पाहिले.

“मी त्याला हात लावत नाही,” ते हळू आवाजात म्हणाले. “मी फक्त भिंतीवरचं बटण बंद करतो. त्याचा आवाज माइकमध्ये येतो. मावशी मन लावून वाचतात आणि मागे आपली घरघर. दुपारपर्यंत कोणाला तो लागत नाही, म्हणून... म्हणजे नववा धडा माझ्यामुळे गेला?”

मला तेव्हा कळले, मित्रांनो, दुसरी गोष्ट कोणती होती ती. मी ती पाहू शकलो नाही, कारण त्याच गोष्टीने माझे डोळे मिटत होते. चांगल्या आवाजासाठी ते मला रोज झोपवत, आणि घड्याळ जागे ठेवणारी ती नाण्याएवढी बॅटरी केव्हाच संपली होती.

कोणी रागावले नाही. कातरताईने मात्र एवढे म्हटले, “काका, मी तीन पासवर्ड पाठ केले हो.”

भाचीने त्याच संध्याकाळी माझे झाकण उघडले. जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. टक्! किती वर्षांनी तो आवाज ऐकला! पण तिच्या वहीत अजून एक ओळ न खोडलेली होती: ‘वेग’.

गुरुवारी सकाळपासून ती वेगाच्या मागे लागली. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, असा तिचा शिरस्ता. पुस्तके साठवणाऱ्या माझ्या चकत्या तपासल्या, ठीक. स्मृती तपासली, ठीक. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर कातरताईला “आता उघड” म्हणे, तेव्हा फाइल चार सेकंदांत उघडे. ती परत कातरताईच्या खोलीत जाई, तेव्हा साडेचार मिनिटे. डॉक्टर दारात आले की ताप उतरावा, तशी माझी गत.

“हा मला बघून लाजतो की काय?” ती म्हणाली आणि पाचव्यांदा माझ्याकडे आली. शूकाका कोपऱ्यात तारा गुंडाळत होते. चार वेळा ती गेल्यावर त्यांनी स्वतःच उठून दार लावले होते. पाचव्यांदा त्यांच्याने राहवेना.

“बाळ, तू कितीदाही ये. पण दार लावून घेत जा गं.”

तिने दार लावले. हातातल्या फोनमधून कातरताईचा आवाज आला, “अगं, थांबलं बघ. गोल फिरायला लागलं.”

भाचीने दार उघडले. “आली फाइल,” फोन म्हणाला. तिने दार लावले. “गेलं.” उघडले. “आलं.” शूकाका आधी वैतागून बघत होते, मग डोळे मोठे करून बघू लागले. शेवटी ते स्वतःच गुडघ्यांवर बसले आणि दाराखालची रबराची पट्टी त्यांनी बोटाने उचलून धरली. तिच्याखाली माझी तार चेपून पापडासारखी झाली होती. तिच्या आत आठ बारीक तारा असतात. दार लागले, की त्यातल्या काहींचा संपर्क तुटे आणि मी उरलेल्यांवरून कसेबसे लंगडत पाठवत असे. तपासायला येणारा प्रत्येक माणूस दार उघडूनच आत येई. मग त्याला दोष दिसणार कसा?

“दोन्ही वेळा मीच,” शूकाका म्हणाले.

“तुम्ही नाही, काका,” भाची म्हणाली. “ही जागा. याला आवाज करायचाच आहे आणि तुम्हाला तो नकोच आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहात, फक्त एका खोलीत नको.”

त्याच दुपारी जिन्याखालची रिकामी जागा झाडून घेतली. शूकाकांनी स्वतः दोन लाकडी ठोकळे आणले, मला त्यांवर ठेवले आणि माझ्या पायांखाली खुर्चीसारखेच लोकरीचे मोजे घातले. नवी तार भिंतीवरून, वरच्या बाजूने नेली. मागचे दार भाचीने कायमचे बंद केले, आता सगळे नावानेच येतात. वेळ विचारणाऱ्यालाही तिने शिकवले की चालू झाल्या झाल्या फरक कितीही मोठा दिसला, तरी आधी मान्य करायचा. मग सोळा पेन ड्राइव्ह एका डब्यात गोळा झाले. कातरताईने एकेक उघडून खरी प्रत कोणती ते ठरवले आणि ती माझ्याकडे ठेवली. नवव्या धड्याची एकच प्रत उरली. तिच्यात आम्ल पाण्यात ओतले होते.

शुक्रवारी भंगारची गाडी आली आणि एक मोडकी खुर्ची व भिजलेले खोके घेऊन गेली. मोठ्या बाई जिन्याखाली वाकून मला म्हणाल्या, “कारभारी, गैरसमज नसावा.” आता एवढ्या मोठ्या बाई वाकल्यावर मी कसला गैरसमज धरतो?

तीनही धडे रविवारी पूर्ण झाले. परीक्षेला अजून चार दिवस होते. प्रश्नावलीने ते ऐकले, पुन्हा ऐकले, आणि टपालमावशींना इतके प्रश्न विचारले, की मावशींनी स्वतःच रसायनशास्त्राचे आणखी एक पुस्तक आणून वाचायला घेतले.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ती आली. नवव्या धड्यावर प्रश्न आला होता का, असे सगळ्यांनी एकदमच विचारले. ती म्हणाली, “आला होता. मी कारणासकट लिहिलं.” अभ्यासक्रमाचे काय होते ते अजून कळायचे आहे. पण त्यांनी तिला भेटायला बोलावले आहे, आणि तिने त्यांना विचारायचे एकवीस प्रश्न तयार ठेवले आहेत. मला तर त्या लोकांचीच काळजी वाटते.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. आणखी दोन-तीन वर्षे, मग नवे यंत्र येईल आणि ते यायलाच हवे. माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरात, शाळेत कुठेतरी अंधाऱ्या कोपऱ्यात माझ्यासारखे कोणी घरघरत असेल. ते बिघडले, की त्याला म्हातारे म्हणण्याआधी त्याने काय लिहून ठेवले आहे ते एकदा वाचा. दार उघडे ठेवून बघा आणि लावूनही बघा. जवळ बसणाऱ्याला विचारा, कारण त्याला जे रोज ऐकू येते, ते सगळ्यांना माहीत आहे असे तो समजत असतो. आणि ‘कोणीतरी’ लक्ष ठेवील असे म्हणाल, तेव्हा त्या ‘कोणीतरी’चे नाव लिहा.

आमच्याकडे ते लिहिले आहे. त्या दिवशी प्रश्नावलीने माझ्या झाकणावर हात फिरवून पोचा शोधला आणि त्याच्या शेजारी एक पट्टी चिकटवली. तिच्यावर उठावाचे ठिपके आहेत, तिच्यासारख्यांना बोटांनी वाचता येतील असे. खाली भाचीने तेच पेनने लिहिले आहे. बॅटरी कोणत्या दिवशी बदलली, पुन्हा कधी बदलायची, आणि कोणी: शूकाकांनी.

इतक्या वर्षांत माझ्याकडे हजारो चिठ्ठ्या आल्या. प्रत्येकीवरची वेळ मी घड्याळाशी ताडून पाहिली. ही एकच मी कायमची अंगावर ठेवून घेतली आहे.